मागच्या दारानं भरलेला चुडा

शनिवार, जत्रेचा आदला दिवस, सांज

लिही गं शबाना, मी बोलते तसंच. तुझं शाळेचं शुद्ध मराठी मधी कोंबू नको.

सकाळी गावच्या बैठकीत ठरलं, जत्रेत मुसलमानाचं दुकान लागायचं न्हाई, बाहेरच्यांनी बाहेर ऱ्हावं. म्हंजे औंदा आपलं बांगड्यांचं दुकान न्हाई. आमी बाहेरचे! माझी आजेसासूबी ह्याच गावात बांगड्या भरायची.

बैठकीत सगळ्यात मोठ्यानं वरडला तो पाटील. दुपारी त्याच्याच बायकूनं मला मागच्या दारानं बोलावलं. तिच्या नातीचं लगीन हाय.

"चाची, चुडा तुमच्याच हातचा पायजे. मालकांना कळू देऊ नका."

"वैनी, तुमच्या लग्नात मी पुढच्या दारानं आल्ते. म्हातारपणी बाहेरची झाले व्हय?"

हसली न्हाई. मी तरी कशाला गेले? पोरीचा काय गुन्हा, म्हणून गेले. पण मागच्या दारानं...

चुडा भरला की नवरी भरणारीच्या पाया पडती, ही रीत. पोरगी वाकाय लागली, तर आजीनं तिचा दंड धरला. "ऱ्हाऊ दे. कुनी बघंल."

आशीर्वादाला माझा हात वर गेला हुता. त्याच हातानं मी डोक्यावरचा पदर नीट केला.