साडेपाचचा फोन

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

काढावंच लागणार. अख्खं स्वरयंत्र. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, उगाच गोल गोल बोलल्या नाहीत. कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यावर एक फुली मारली. अठ्ठावीस तारीख दिली. जीव वाचेल, आवाज जाईल. काहींना पुढे यंत्र लावून थोडं बोलता येतं म्हणे – "पण तुमच्या बाबतीत मी आशा दाखवणार नाही."

आणि मी समजत होते, ओरडून ओरडून घसा बसलाय. सत्तावीस वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीवर बसलेय. "दोन प्रती, सही खाली, पुढचे या!" एवढंच ओरडायला देवानं गळा दिला होता बहुतेक.

बसमध्ये मरणाचा विचार आलाच नाही. विचार आला साडेपाचचा. साडेपाचला टिल्लीची, माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीची, लाँड्रीतली पाळी सुटते. तिथून घरी चालत जायला तिला वीस मिनिटं लागतात, ती वीस मिनिटं आम्ही फोनवर बोलतो. ती इथून दुसऱ्या गावी राहायला गेली त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून रोज. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, मागचं झाकण रबरानं बांधलेला. मला बोलताच येणार नाही, तर तो कानाला लावून ती काय ऐकणार?

शनिवार, ४ फेब्रुवारी

साडेपाचला फोन आला. नाही सांगितलं. घसा बसलाय म्हटलं. "मग तू गप्प बस, मी बोलते." वीस मिनिटं एका गिऱ्हाइकाच्या कॉलरींचं पुराण ऐकवलं. काय मळकट असतात म्हणे, आणि माणूस बँकेत मॅनेजर!

मंगळवार, ७ फेब्रुवारी

ठरवलं. तिला स्मार्टफोन घेऊन द्यायचा. मी लिहीन, ती वाचेल. शाळा तिनं चौथीत सोडली, जोडाक्षर आलं की अडखळते, पण वाचते. एकवीस दिवस आहेत.

ऑफिस सुटल्यावर तीन दुकानं फिरले. जो तो कॅमेऱ्याबद्दल बोलतो. मी म्हटलं, बाबा, तिला फोटो काढायचे नाहीत. "मग गेम छान चालतात." कपाळ! अक्षर मोठं हवं. आवाज मोठा हवा. चार्जिंग दोन दिवस टिकायला हवं, कारण ही लावायला विसरणार. बिघडला तर तिच्या गावात दुरुस्त व्हायला हवा. आणि भाव असा, की ऐकून ती फोन परत पाठवणार नाही. अगदी स्वस्तातला बघितला, तो हात लावला की तंद्रीत जातो. जुना वापरलेला बघितला, त्यात कुणाच्या तरी पोराचे फोटो तसेच.

तिसऱ्या दुकानातला टकलू दुकानदार जरा शहाणा निघाला. म्हणाला, वाचता येत नसेल तर फोनच मोठ्यानं वाचून दाखवतो, लिहून बघा. मी लिहिलं – जेवलीस का गं? फोनमधली बाई बोलली. गं वर जोर. स्टेशनवर गाडी उशिरानं येतेय असं सांगावं तसं. रोज साडेपाचला आता ही बाई माझ्या नावानं टिल्लीशी बोलणार. मला भर दुकानात रडू आलं. टकलू घाबरला बिचारा, पाणी दिलं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

टिल्लीला सांगितलं – फोनचं, बाकी काही नाही.

"माझ्या फोनला काय धाड भरलीय?"

म्हटलं, आता सगळ्यांकडे असतो. तिच्या चपलांची फटफट ऐकू येत होती. मग म्हणाली, "तुला माझी लाज वाटायला लागलीय का?"

वेडी आहेस का म्हटलं आणि विषय बदलला.

धाकटा भाऊ म्हणतो, खरं सांगून टाक तिला. नाही सांगणार. सांगितलं तर ती रडेल, मग मला तिची समजूत घालावी लागेल, आणि उरलेले दिवस त्यातच जातील. मला कॉलरींचं ऐकायचंय. भावाला बजावून ठेवलंय – ऑपरेशन झाल्यावर सांग, त्याआधी तोंड उघडलंस तर याद राख.

शनिवार, ११ फेब्रुवारी

उद्या येतेय. एकदम तयार झाली. "घेऊ गं तुझा तो फोन." आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. वाफेत उभं राहून होते तिला अधूनमधून.

रविवार, १२ फेब्रुवारी

सकाळच्या बसनं आली. उतरताना दारात डोकं आपटलं. शाळेत सगळ्यांत बुटकी म्हणून टिल्ली नाव पडलं, नंतर ताडमाड वाढली, नाव राहिलं ते राहिलंच.

टकलूच्या दुकानात गेलो. त्यानं चार फोन मांडले. आणि एकही तिच्या बोटाला दाद देईना! चौतीस वर्षं इस्त्री. बोटांची टोकं गुळगुळीत झालीत, रेषाच उरल्या नाहीत. त्यात सवय अशी, की बोट जिभेला लावायचं, चटकन टेकवायचं, चटकन मागे. इस्त्री तापलीय का बघतात तसं. टकलू म्हणतो, "बाई, ओलं बोट नको." तिनं पदराला पुसलं, पुन्हा जिभेला लावलं. हाताला कळतंय का काही?

मी तीन रात्री कागदावर रकाने पाडून मेमरी आणि बॅटरी जुळवत बसले होते. बोट चालेल का, हा रकानाच नव्हता! माझ्यासारखी मूर्ख मीच.

शेवटी टकलूनंच डोकं चालवलं. एका फोनमध्ये अशी सोय आहे, की हातमोजे घातले तरी बोट कळतं. ती चालू केली. वर काच चिकटवू नका म्हणाला, काच लावली की पुन्हा बहिरा होईल. दिसायला अगदीच ठोकळा, कॅमेरा तर नावाला. पण बोट टेकवलं आणि उजेड पडला. टिल्ली लहान पोरीसारखी माझ्याकडे बघायला लागली. मग का कोण जाणे, बघतच राहिली.

दुपारी शिकवणी. चटकन बोट काढून घेऊ नकोस म्हटलं तर आता दाबूनच धरते, इस्त्री फिरवल्यासारखी. ते माइकचं चित्र दाबून धरलं की बोलणं भरलं जातं, सोडलं की समोरच्याला जातं. माझा फोन बाजूलाच टुंग टुंग वाजत होता. माझंच ओरडणं मला पोचत होतं. बसमध्ये बसवून दिलं तेव्हा घशातून नुसती हवा येत होती.

सोमवार, १३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई रागावल्या. "आवाज वाचवून ठेवा, ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशी बोलून घ्या."

बुधवार, १५ फेब्रुवारी

काही जमत नाहीये. साडेपाचला ती जुन्या फोनवरून लावते, तो स्पीकरवर टाकून रस्त्याकडेच्या बाकावर बसते, आणि नवा हातात घेऊन "सांग" म्हणते. मी सांगते. हिरवं चित्र. त्यात माझं नाव. माझ्या नावावर बोट. "थांब, पहिल्यापासून सांग." पहिल्यापासून सांगते. आज पाच वेळा पहिल्यापासून सांगितलं!

फोन ठेवल्यावर बघितलं तर अकरा निरोप. सगळे आवाजाचे. एक ऐकला – मागे गाड्यांचे भोंगे आणि खोक्यातून यावा तसा माझा घोगरा आवाज, "हिरवं गं, हिरवं!" सगळे पुसून टाकले.

खिडकीवर मी आंधळ्याकडून फॉर्म भरून घेतलेत. हिला एक बटण शिकवता येईना.

रविवार, १९ फेब्रुवारी

पुन्हा आली. मी वहीत पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या, चित्रांसकट. तर म्हणते, तू वाचून दाखव. वाचल्या. "नाव घेऊन सांग ना, टिल्ले हे कर, टिल्ले ते कर. माझ्या लक्षात राहतं मग." असलं कधी ऐकलंय का? आणि बोट त्या माइकवरच! चौथ्या वेळी माझा तोल गेला. "टिल्ले, बोट उचल! कपडा आहे का तो, दाबून धरायला?"

ती हसली. मग तोंड धुवायला गेली, बराच वेळ नळ चालू होता.

मला माझीच शरम वाटली. किती थोडे दिवस राहिलेत, आणि मी खेकसतेय.

बुधवार, २२ फेब्रुवारी

नाही जमणार. मान्य करून टाकावं. आवाज आता मधेमधे जातो, वाक्याचा शेवट गळून पडतो. उरला आहे तेवढा हिरवं चित्र आणि बाजूचं बटण यात चाललाय. मला दुसरं बोलायचं होतं. आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी टिल्ली शेजारच्या गल्लीत राहायची. सकाळी कामावर जायच्या आधी येऊन आमचा स्वैपाक करून जायची. आठ महिने. बरं केलंस, एवढंसुद्धा मी कधी म्हटलं नाही. आज म्हणणार होते. तर ती विचारते, "आवाज मोठा करायचं बटण वरचं की खालचं?"

वरचं, म्हटलं.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

तोंडानं सांगवत नाही म्हणून लिहून पाठवलं. जोडाक्षरं टाळून, लहान लहान वाक्यं. माझा आवाज जाणार आहे. मंगळवारी गळा कापणार. मग मी लिहीन, तू वाच.

चार वाजता दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे उघडलं. साडेपाचपर्यंत मी खिडकीवर काय केलं मला आठवत नाही.

साडेपाचला फोन आला. तिनं मॅनेजरच्या कॉलरी सांगितल्या, वाफेच्या मशीनचा पाइप फुटला ते सांगितलं. त्याबद्दल अवाक्षर नाही. मग, "चल, पहिल्यापासून सांग."

चुकून उघडलं गेलं असणार. वाचता आलं नाही तिला. संपलं.

सोमवार, २७ फेब्रुवारी

उद्या सकाळी सात वाजता.

शेवटचं साडेपाच असं गेलं. "फोन बंद पडला तर चालू कसा करायचा ते सांग ना." बाजूचं बटण, टिल्ले. दाबून धर. उजेड येईपर्यंत सोडू नकोस. "परत एकदा." बाजूचं बटण, टिल्ले. दाबून धर. "अजून एकदा सांग." मला पुढे बोलवेना. घर आलं असेल तुझं, ठेव आता, म्हटलं. तिनं ठेवला नाही. मीच ठेवला.

म्हणजे माझ्या आवाजातलं तिला गेलेलं शेवटचं वाक्य हे. ठेव आता.

मंगळवार, ७ मार्च

वही मागून घेतली. नाकात नळी, गळ्याला भोक, श्वास तिथून. खोकला आला तरी आवाज नाही. सकाळी नर्सनं कुशीवर वळवलं, दुखलं, मी "आई गं" म्हटलं. ओठ हलले फक्त.

आत एकालाच सोडतात. भाऊ येतो. माझा फोन त्याच्याकडे बंद करून ठेवलाय. पाटीवर लिहिलं – टिल्लीला सांगितलंस? त्यानं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. काय म्हणाली, लिहिलं. "नंतर बोलू." म्हणजे रडली असणार. किंवा रागावली.

साडेपाच वाजले की मी भिंतीकडे तोंड करते.

शुक्रवार, १० मार्च

भावानं पाच वाजता फोन दिला. चालू केला. टिल्लीचे दहा निरोप. अठ्ठावीस तारखेपासून रोज एक, सगळे बरोबर साडेपाचचे, सगळे आवाजाचे. पुन्हा बोट अडकलं वाटतं हिचं. कानाला लावला.

"हिरवं गं, हिरवं!" मी. दुसऱ्यात, "बाजूचं बटण, टिल्ले." मीच. दहाच्या दहा मी.

साडेपाचला अकरावा आला. त्यात मी – "टिल्ले, बोट उचल! कपडा आहे का तो, दाबून धरायला?" पाठोपाठ बारावा, त्यात ती, चपलांची फटफट, धापा टाकत: "तुझ्या भावानं मला, फोन घ्यायला आले त्याच्या आधीच्या शुक्रवारीच सांगितलं होतं. त्याला बोलू नकोस. पहिला चुकून भरला गेला, बाकीचे मी मुद्दाम भरले. तू पुसलेस तरी माझ्याकडे सगळे आहेत. एकशे चार. तू लिहिलेलंही वाचलं त्या दिवशी. आता लिही, मी बाकावर बसलेय."

डोळ्यांना दिसत नव्हतं. तरी लिहिलं – भामटे.

उत्तर यायला सात मिनिटं लागली. तिनं स्वतः टाइप केलेलं, एकच शब्द.

उचललं.