घरटी एक माणूस

५ ऑगस्ट
रेडिओ ऐकला. खारबंदिस्तीच्या विधेयकावर आजही नुसती हमरीतुमरी. खाडीचा बांध सरकारने सांभाळायचा की शेतकऱ्यांनी, एवढाच प्रश्न. तिसरं अधिवेशन! शाळेत आम्ही अख्खी कविता दोन दिवसांत पाठ करायचो. इकडे आमच्या शेताजवळच्या बांधाला खांड पडलीय.
संकल्प: राजकारणावर बोलणं बंद.

६ ऑगस्ट
पेणच्या एसटी स्टँडवर तासभर राजकारणावर बोललो. समोरच्याने सुरुवात केली.

८ ऑगस्ट
आमच्या शेतावर राबणारी गिरजाबाई म्हणाली, अवसेच्या उधाणाआधी खांड बुजवा, नायतर भात गेलं. तिला समजावलं, आपणच बुजवली तर सरकार कायदा कशाला करेल? म्हणाली, ह्यं भरतीला सांगा.

१० ऑगस्ट
उपाय सापडला! दोन्ही पक्षांचा मिळून एकच ठराव मुंबईला पाठवायचा, वर माझा चार ओळींचा श्लोक. तीन ओळी तयार. सरकार पक्षाचे हैबतराव तयार. विरोधी पक्षाचा जगन म्हणाला, तात्या, भाषण नाय ना? मी म्हटलं, छे.
सभा अवसेला. त्या दिवशी बांधावर चिखल टाकायला घरटी एक माणूस निघतोच, म्हणजे सगळे आयते मिळतील. तशीच दवंडी दिली: घरटी एक माणूस, देवळात.

१३ ऑगस्ट, अवस, सकाळी
देऊळ भरलं. शाळेतल्या स्नेहसंमेलनाची आठवण झाली.

संध्याकाळी
हैबतरावांना ठरावात आधी आभार हवे, जगनला आधी निषेध. तुमच्या राज्यात बांध कुठं होता, तुमच्या राज्यात तरी कुठं हाय, असं दुपारपर्यंत. वातावरण निवळावं म्हणून मी श्लोक आणि दिंडी वृत्त यांतला फरक सांगितला. थोडक्यात. तासभर.
तेवढ्यात गिरजाबाई दारात. गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाली, घरटी एक माणूस हितं हाय, मंग बांधावर कोन हाय?
हैबतरावांनी जगनकडे पाहिलं. जगनने माझ्याकडे.

१४ ऑगस्ट
आमचं आणि जगनचं भात खाऱ्या पाण्याखाली. रेडिओ म्हणाला, विधेयक पुढच्या अधिवेशनात.
सकाळपासून गाव बांधावर. आमच्या घरचा एक माणूस म्हणून गिरजाबाई गेली होती. मग मीही गेलो. हैबतराव आणि जगन एकाच रांगेत, मुकाट. जगन एवढंच म्हणाला, या तात्या, तोंड बंद, हात चालू.
श्लोकाची चौथी ओळ तिथेच सुचली. म्हणायला तोंड उघडलं, तर गिरजाबाईने पुढचं घमेलं हातात दिलं.