ताड आणि डोंगर एका रेषेत

बाबा, नवा विमानतळ सुरू झाला. डोंगर कापला, नदी वळवली, दलदलीत भराव घातला आणि त्यावर धावपट्टी झाली. तिथले दिवे बसवणाऱ्यांत मी होतो. पहिलं विमान उतरलं तेव्हा बंबांनी दोन्ही बाजूंनी त्याच्यावर पाण्याची कमान धरली, आणि या नोकरीत केस पिकलेला मी तोंडाचा आ करून बघत राहिलो. अगदी तुमच्यासारखा.

जुन्या विमानतळावर तुम्ही एकदाच आलात. डहाणूहून, धुतलेला सदरा घालून, पिशवीत सुके बोंबील घेऊन. ज्या काचेला तुम्ही कपाळ टेकवून उभे होतात ती इमारत केव्हाच पाडली. आता तिथे असा महाल आहे की छताकडे बघताना टोपी पडावी. "एवढं मोठं धूड उतरतं कसं रे?" तुम्ही विचारलंत. मी नवा नवा नोकरीला लागलेलो, ऐटीत सांगितलं, धावपट्टीच्या अलीकडे दिव्यांची रांग असते, वैमानिकाला ती नाकासमोर सरळ दिसली की वाट बरोबर. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मग आपली खाडीच की ही! ताड महालक्ष्मीच्या डोंगराखाली आला की होडी आत घालायची. जरा इकडंतिकडं झालं की खडक." लहानपणी होडीत पुढे बसवून तुम्ही मला हेच दाखवायचात. ताड सरकत सरकत डोंगराच्या बरोबर खाली येतो, आणि सलग दिसणाऱ्या किनाऱ्यात अचानक खाडीचं तोंड उघडतं. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तेवढ्यात माझे साहेब आले. पिशवीच्या वासाने त्यांनी नाक मुरडलं. "हे कोण?"

"गावचे आहेत," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात जोडून म्हणालात, "होय साहेब, गावचाच." जाताना बोंबील मात्र माझ्याच हातात दिलेत.

परवा, ते पहिलं विमान उतरल्यावर, आमच्याकडच्या एका तरुण इंजिनिअर मुलीने विचारलं, "सर, रांगेतला एक दिवा जरा हलला तरी तुम्हाला नुसत्या नजरेने कळतं. कुठे शिकलात?"

"बापाकडे," मी म्हणालो. "होडी चालवायचे."

सगळे हसले. त्यांना थट्टा वाटली. थट्टा नाही, खरंच, एवढंच म्हणायचं होतं. पण मीही त्यांच्याबरोबर हसलो, बाबा.