न विचारता घेतलेला तुकडा

मंगळवार, संध्याकाळ

माणगावला बायकांच्या डॉक्टरणीकडे पिशवी तपासायला गेले. नुसतं बघते म्हणाली. खाटेवर पडले, तिनं चिमटा आत घातला आन् अशी कळ आली की आरडलेच.

"मावशी, एवढुसा तुकडा घेतला तपासायला. सगळ्यांचाच घेतो," डॉक्टरीण म्हणाली.

"म्हंजे कुणालाच विचारत न्हाय व्हय?" मी म्हटलं. नर्स हसली. हसते काय भवानी!

तुकडा लहान का मोठा, विचारायला किती वेळ लागतो? मी बाजारात मेलेल्या सुरमईलासुद्धा गिऱ्हाइकाला विचारल्याबिगर कोयता लावत न्हाय. मी तर जिती हाय.

पुढल्या मंगळवारी रिपोर्ट. जाणार, तुकडा माझा हाय. पण काय करणार ते आधी तिनं सांगायचं, मला विचारायचं. तवर खाटेवर चढणार न्हाय.