भोपू मोठा होतो

तीर्थरूप बाबा,
तुमच्या शाईच्या बोटांना नमस्कार.

तुमच्याऐवजी मी रोज शूटिंगला बसते. जेवण वेळेवर मिळतं. तुम्ही गोळ्या घेता ना?

सिनेमाच्या शेवटी ते भोपूला मोठा झालेला दाखवणार आहेत. मी दिग्दर्शकांना म्हटलं, "आमचा खरा भोपू, माझा धाकटा भाऊ, सातव्या वर्षीच गेला. म्हणून तर बाबांनी चित्रमालिकेत त्याला कधी मोठा होऊ दिला नाही."

"मॅडम, पोरांना गोड शेवट लागतो," ते म्हणाले. करार झालाय, माझं काही चालत नाही.

आज तो मोठा भोपू सेटवर आला. चष्मा, कोवळी दाढी. भांडायलाच गेले होते, पण तोंडून निघालं, "जेवलास का रे?"

"हो, ताई," म्हणाला.

बाबा, आता मी त्याला कशी अडवू?

तुमची,
थोरली