गाडीवर सायकल, सायकलवर मी

करडी,
रविवार दुपार

प्रिय खेमराज,

आईचं पत्र बघून तुला आधी हसू येईल. घरात फोन असताना ही बाई कागद घेऊन का बसली, असं तू ज्योत्सनाला म्हणशील. पण अंगणवाडीत इतकी वर्षं काढली, माझं अक्षर अजून वाचण्यासारखं आहे. शिवाय फोनवर तू नुसतं "हो आई, हो आई" करतोस. आपल्याकडे नेटवर्क अंगणातच येतं आणि अंगणात तुझे बाबा जाळं विणत बसलेले असतात. बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच. ते अजूनही रोज पहाटे सायकल काढून जंगलाच्या रस्त्यानं पलीकडच्या गावांत मासोळ्या विकायला जातात, आणि तो रस्ता आता जाण्यासारखा राहिलेला नाही. फोन न करण्याचं आणखी एक कारण आहे, ते शेवटी लिहीन. एकदम शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तू तेच करायचास.

दिवाळीत तू आलास तेव्हाचं बाबा अजून सांगत असतात. गाडी दारात थांबली आणि तिच्या पाठीवर पट्ट्यांनी आवळलेली तुझी ती नवी सायकल. बाबांनी तिला एक फेरी मारली, मग दुसरी मारली. गाडी बिघडली तर सायकल कामाला येईल, एवढं त्यांना पटलं होतं. पण तू म्हणालास की तसं नाही, व्यायामाला आणली आहे. मग नागपूरहून तिच्यावर बसून का आला नाहीस, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालास, हायवेवर ट्रक फार, जीव जायचा. मग तू ती खाली उतरवलीस, गादी लावलेली चड्डी घातलीस, डोक्यावर ते टरबूज चढवलंस, तलावाच्या पाळीवरून देवळापर्यंत जाऊन आलास, फोटो काढलास आणि पुन्हा तिला वर चढवून पट्टे आवळलेस. तुला चालवायला लागला त्याहून जास्त वेळ चढवायला-उतरवायला लागला. शेजारच्या मंदाबाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, सायकल आजारी आहे का. मी म्हटलं, हो, हवापालटाला आणली आहे.

तुझा फोटो कुणीकुणी पाहिला असेल, कारण मग दर रविवारी गाड्या येऊ लागल्या. कुणाच्या पाठीवर दोन सायकली, कुणाच्या टपावर चाकं आभाळाकडे करून एक. पाळीजवळ गाड्या लावायच्या, सायकली उतरवायच्या, चंद्रभागाबाईच्या टपरीवर पोहे खायचे, थोडं फिरायचं, सायकली परत चढवायच्या. तुझे बाबा मासोळ्या विकून येताना मुद्दाम तिथे थांबायचे. त्यांच्या काळ्या सायकलीला ना गिअर ना घंटी, ब्रेक लावला की अख्ख्या गावाला कळतं. ते त्या लोकांना म्हणायचे, "सायकलवर मानूस बसते हे मले माहीत होतं. सायकल मानसावर बसते हे तुमीच दाखवलं जी." ती माणसं हसायची आणि त्यांचाही फोटो काढायची. त्या रविवारांची मला मजा वाटायची. पौषात ते यायचे थांबले.

का थांबले ते मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. आधी वाघानं आनंदाबाईचं वासरू नेलं, पाळीच्या अगदी खालून. मग शेजारच्या गावचा राजकुमार गेला. पहाटे कामावर निघालेला, धट्टाकट्टा माणूस. त्याची सायकल वाघदेवापाशी सापडली. पडलेली नव्हती रे. नीट स्टँडवर उभी होती, हँडलला डबा लटकलेला, आणि देवापुढे ताजं पान ठेवलेलं. फॉरेस्टवाल्यांनी ती सायकल जीपच्या टपावर बांधून त्याच्या घरी आणली. आपल्या गावातूनच जीप गेली. त्या दिवशी गाडीवरची सायकल बघून कुणी हसलं नाही, तुझे बाबाही नाही.

वाघदेवाचं तुला आठवत असेल. मोहाच्या झाडाखालचा तो ओटा, शेंदूर लावलेला दगड. त्याच्यासमोरून सवारीवर बसून कुणी जात नाही. खाली उतरायचं, रस्त्याकडेचं पान तोडायचं, वाकून त्याच्यापुढे ठेवायचं, चार पावलं सायकल हातात धरून चालायचं, मग टांग टाकायची. तू लहान असताना डांडीवरून उतरायला कंटाळायचास आणि बाबा तुला उचलून खाली ठेवायचे. मोटारसायकलवाले आता नुसते कपाळाला हात लावतात, गाडीवाले तेवढंही करत नाहीत. राजकुमार जुन्या वळणाचा होता, तो उतरला. फॉरेस्टचा गार्ड गावात येऊन हात जोडून सांगून गेला की एकट्यानं जाऊ नका, वाटेत बसू नका, वाकू नका. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. ताठ उभ्या माणसाला तो टाळतो, आणि येतो तेव्हा पाठीमागून येतो.

त्यानंतर गावानं काय केलं ते ऐक, तुझ्या नागपूरवाल्यांना सांग. शाळेत जाणाऱ्या पोरींच्या सायकली आता आपल्या गावच्या सचिनच्या पिकअपवर जातात. पोरी आत, सायकली वर, सगळ्या एकमेकींत अडकवून दोरीनं बांधलेल्या. जंगल संपलं की सायकली उतरवायच्या आणि पोरींनी पुढे शाळेपर्यंत चालवायच्या. संध्याकाळी उलटं. अगदी तुमचीच तऱ्हा, फक्त चड्डीला गादी नाही. गवंडीकामाला जाणारे, दूधवाले, सगळे आपापली सायकल सचिनच्या पिकअपवर टाकतात. टाकत नाहीत ते एक बुधरामजी, तुझे वडील.

त्यांची कारणं मला पाठ आहेत. पिकअप शाळेच्या वेळेला निघते, तोवर मासोळ्या उतरतात, उतरलेली मासोळी कोण घेणार. हे खरं आहे, पण हे कारण नव्हे. कारण हे की पिकअप वाघदेवापाशी थांबत नाही. मी एकदा फार भांडले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आपनच उतरनं सोडलं, म्हनून तो रस्त्यावर उतरून राहिला. मी बी सोडू काय?" मी राजकुमारचं नाव काढलं. म्हणाले, त्यानं चपला काढल्या नसतील. मी जितकी भीती घालते तितकी त्यांची भक्ती वाढते. आधी नुसतं वाकायचे. आता चपला काढतात, दगडाला कपाळ टेकवतात आणि बराच वेळ तसेच राहतात. मला त्यांचा राग येतो आणि त्या वाकलेल्या पाठीवरून नजर काढवतही नाही.

ज्योत्सनानं तुझ्या सांगण्यावरून त्यांना फोन केला होता. सुनेला ते गोड आवाजात हो बाई, हो बाई म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. तेव्हा मी ठरवलं, तुम्ही थांबत नाही ना, मग मीही येते. या वयात कॅरिअरवर बसणार काय, बाबा म्हणाले. मी बसले. पहिल्या दिवशी एका अंगानं बसले, तर नुसती रस्त्याकडेची नाली दिसली. मागचं काहीच दिसेना. मग दुसऱ्या दिवसापासून मी कॅरिअरवर उलटी बसते, त्यांच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागच्या रस्त्याकडे, आणि मांडीवर मासोळ्यांची टोपली. गाव पोट धरून हसलं. चंद्रभागाबाई म्हणाली, नवराबायकोचं वाजलं वाटते. बाबा लाजून अर्धे झाले. मी म्हटलं, लोक गाडीवर सायकल नेतात, तुम्ही सायकलवर गाडीचा आरसा न्या. ते हसले. तेवढ्यात सायकल डगमगली, मी टोपली घट्ट धरली.

लग्नानंतर पहिल्यांदा याच सायकलच्या याच कॅरिअरवर बसून मी भंडाऱ्याच्या बाजाराला गेले होते. येताना मांडीवर पाण्याची पितळेची गुंडी होती, नवी कोरी, आणि दुसऱ्या हातात त्यांचा सदरा धरलेला. वाघदेवापाशी त्यांनी मला उतरवलं आणि म्हणाले, याला ओळख दे, उद्या एकटी जाशील तर त्यानं तुला ओळखलं पाहिजे. मी पान ठेवलं होतं. मला तेव्हा या माणसाचं फार कौतुक वाटलं. आजही वाटतं, उगाच कशाला नाकारू. पण त्याच रस्त्यानं उलटं बसून गेलं की वेगळंच दिसतं. पुढे बसणाऱ्याला वाटतं आपण कुठेतरी पोचत आहोत. मागे बसणारीला फक्त दिसतं की झाडं मागे राहतात आणि त्यांच्यामधून धुकं रस्त्यावर येऊन मिटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आज पहाटे वाघदेवाच्या अलीकडच्या वळणावर तो बांबूतून रस्त्यावर आला. आमच्या मागे. धावला नाही. आमच्याच चालीनं, रस्त्याच्या मधोमध चालत राहिला. मी ओरडले नाही. ओरडले असते तर बाबा तिथेच उतरले असते, चपला काढून हात जोडून त्याच्यासमोर उभे राहिले असते. तुला ठाऊक आहेत ते. मी एवढंच म्हटलं, "जरा जोरानं मारा जी, मले थंडी वाजून राहिली." ते म्हणाले, "देव आला, उतर." आणि थांबले. सायकल स्टँडवर लावली, चपला काढल्या, पान तोडलं आणि वाकले. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहिले, ताठ, आणि मासोळ्यांची टोपली दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली, जितकी उंच जाईल तितकी. मासोळ्यांचं पाणी बाह्यांतून काखेपर्यंत ओघळत होतं. तो वळणावर उभा होता, मी त्याच्याकडे बघत होते, आणि मागे बाबा तुझं नाव घेऊन देवाला काहीतरी मागत होते. ते उठले तेव्हा मला बघून म्हणाले, हे काय चाललं. मी म्हटलं, टोपली गळून राहिली. पुन्हा वळणाकडे बघितलं तर रस्ता रिकामा. त्यांना अजून काही माहीत नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू घाबरून आधी त्यांनाच फोन केला असतास, आणि साक्षात दर्शन झालं हे कळल्यावर ते उद्या नारळ घेऊन निघाले असते. आज शाळेला सुट्टी, म्हणून सचिन पिकअप घेऊन नागपूरला येतो आहे. तो हे तुझ्या हातातच देईल. वाचून झालं की फोन करू नकोस, गाडी काढ. मागचा तो सायकलीचा स्टँड काढून ठेवला असशील तर लावून आण. आल्यावर बाबांशी वाद घालत बसू नकोस, आधी त्यांची सायकल वर चढव. सायकल चढली की ते तिच्या मागे नागपूरलाही येतील. रस्त्यात वाघदेवापाशी गाडी थांबव, नाहीतर ते चालत्या गाडीतून उतरतील. ते वाकले की तू त्यांच्या मागे ताठ उभा राहा, माझ्याहून तू उंच आहेस. पट्टे नीट आवळ. या वेळी मी हसणार नाही. पण आजच ये बाळा, कारण पहाटे ते निघतील, आणि मी मागे बसेन, आणि आज टोपली खाली ठेवल्यापासून माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत.

तुझीच,
आई