चाळीस शतांश मिलिमीटर

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, शिक्षण शाळेत सातवीपर्यंत आणि पुढचे सगळे स्वतःच्या हाताने, आज ६ नोव्हेंबर रोजी दुकानाच्या मागच्या खोलीत, डोके ठिकाणावर असताना आणि मागे कोणी उभे नाही याची दोनदा खात्री करून, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे ते लिहून ठेवतो. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ असते तर तीन कागदांवर सह्या घेतल्या नसत्या.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नीला. ठेवीची पावती कुठे आहे हे तिला सांगायची गरज नाही. मी जागा दोनदा बदलली, दोन्ही वेळा तिला आधी कळले.

कलम २. दुकान आणि हत्यारे मुलीला. हत्यारांची खूण अशी: मी जी वस्तू खोलतो तिच्यावर, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, पंचने ठिपका मारतो. माझ्या वस्तूवर एक, धाकट्या भावाच्या वस्तूवर दोन. शेजारच्या घड्याळजीकडचा बारीक पेचकस उलटा करून बघावा, मुठीच्या बुडाला एक ठिपका आहे. तो म्हणेल, वडिलांचा आहे.

कलम ३. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची सरकपट्टी, तीही मुलीला. ही मी मोटारसायकलीपुरतीच घेतली, शिलाई मशीनला बोट आणि कान पुरतात. वीस वर्षांत हिला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. दरवेळी जबडे मिटवून शून्य तपासल्याशिवाय मी माप घेत नाही.

कलम ४. मोटारसायकल. सव्वीस वर्षांपूर्वी मी आणि भावाने एकाच दिवशी एकाच बनावटीच्या दोन घेतल्या. कंपनीने ती बनावट कधीच बंद केली. सहा वर्षांपूर्वी वळणावरच्या वाळूत मी घसरलो, गाडी भिंतीवर आदळली आणि हत्यारांची पिशवी दहा हात लांब जाऊन पडली. पुढचे दोन्ही फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या नळ्या, वाकले. मी दोन महिने अंथरुणात होतो, तेवढ्यात भावाने गाडीला दुसरे फोर्क बसवले. कुठून आणलेस विचारले तर म्हणे, मिळाले.

असे फोर्क मिळत नाहीत. नळीचा व्यास, लांबी आणि चाकाच्या आसाचे भोक, तिन्ही जुळावे लागते. मी उठून बसल्यावर पहिले काम माप घेण्याचे केले. व्यास हवा पस्तीस, भरला चौतीस पूर्णांक सहा. चाळीस शतांश कमी. एवढी बारीक नळी क्लँपमध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, धरत नाही, ब्रेक दाबला की हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे. भाऊ म्हणाला, घट्ट बसलेत. बसणारच, आत डब्याचा पत्रा गुंडाळून घातला असणार. तेव्हा तो एवढेच म्हणाला:

"दादा, एकदा उघडून बघ. मग बोल."

मी उघडले नाही. उघडले असते तर पत्रा मीच काढून टाकला असे म्हणायला तो मोकळा झाला असता. शिवाय त्याच पंधरवड्यात त्याची स्वतःची गाडी दिसेनाशी झाली. म्हणे, काढून टाकली. एकाची गाडी जाते आणि दुसऱ्याच्या गाडीला कुठूनसे फोर्क येतात, याचा अर्थ न कळण्याइतका मी भोळा नाही. त्याने नक्कीच कुठल्यातरी भंगारवाल्याशी काही ठरवले होते.

तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे आणि गाडी स्टँडवर. योग्य जोडीसाठी मी सहा वर्षे भंगारबाजार पालथा घातला. अकरा जोड्या मोजल्या. अकराच्या अकरा चाळीस शतांशांनी कमी. याला योगायोग म्हणत नाहीत, संगनमत म्हणतात.

कलम ५. भावाला काही नाही. दस्तलेखक सांगतो की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून भावालाच दुसरा साक्षीदार करतो आहे, म्हणजे पुढे कोणी दया दाखवायची वाटच उरणार नाही. ९ तारखेला सकाळी ये, असा निरोप मुलीबरोबर पाठवला आहे.

८ नोव्हेंबर. खाडाखोडीने संशय येतो म्हणून वरचे काही खोडलेले नाही. पुढचे वाचावे.

कलम ६. गाडी धड अवस्थेत मागे राहावी म्हणून काल पुढच्या चाकाचे नवे बेअरिंग आणले. खोक्यावर छापलेला बाहेरचा व्यास पस्तीस. मोजला, चौतीस पूर्णांक सहा. मी तसाच दुकानात गेलो आणि बेअरिंगवाल्याला चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणालो. त्याने तीन कंपन्यांची दहा खोकी फोडून बेअरिंग माझ्यापुढे मांडली. दहाही चौतीस पूर्णांक सहा. मग तो हळूच म्हणाला, "काका, जरा ती पट्टी इकडे द्या."

मी दिली. त्याने जबडे मिटवून उजेडाकडे धरले. मुळाशी चिकटलेले, शून्य बरोबर. टोकाशी मात्र उजेडाची बारीक फट. सरकता जबडा टोकाला बाहेर झुकलेला आहे आणि मी नेहमी टोकानेच मोजतो. पिशवी दहा हात लांब पडली त्या दिवसापासून, दुसरे काय.

माझ्या दुकानात परतून गाडीचे क्लँप उघडले. पत्रा नाही. नळ्या साफ पुसून बघितल्या. क्लँपखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, डावीकडे दोन ठिपके आणि उजवीकडे दोन ठिपके. पंच माझाच, मारही माझाच.

तो सहा वर्षे बसने कामावर जातो आहे.

कलम ७. कलम ५ रद्द. मोटारसायकल भावाला. दुकानाच्या माळ्यावर अर्धा हक्कही त्यालाच, मुलीला विचारले आहे. त्यामुळे त्याची साक्ष चालणार नाही.

कलम ८. व्हर्नियर आणि ते बेअरिंग एकाच डब्यात ठेवावे. आधी बेअरिंग मोजावे, मग माणसांवर बोलावे.

९ नोव्हेंबर. भाऊ निरोपाप्रमाणे आला. उघडे क्लँप त्याने दारातूनच पाहिले.

"मोजून झालं, दादा?"

मी म्हणालो, झालं, तुझी सही नको. तो मान हलवून वळला. मग मला म्हणावे लागले, "बस. तुला मिळणार आहे, म्हणून नको."

तो बसला नाही. पाना उचलून क्लँपचे बोल्ट आवळू लागला. तो हात धुवायला गेल्यावर उजवीकडचा बोल्ट मी पुन्हा आवळून पाहिला. घट्टच होता.

वरील सर्व मी स्वतःच्या अक्षरात लिहिले असून दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली आहे.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: शेजारचा घड्याळजी (सही). कलम २ त्याला वाचून दाखवलेले नाही.
साक्षीदार २: बेअरिंगवाला (सही). त्याची माफी चार गिऱ्हाइकांसमोर मागायची आहे, ती सोमवारच्या आत.
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे